जपून ठेवलेला कान

आमच्या घरात किमती वस्तू वापरत नाहीत, ठेवतात. माझ्या लग्नातला चहाचा सेट अजून खोक्यात आहे. टीव्हीच्या रिमोटला प्लॅस्टिकची पिशवी आणि पिशवीवर रबर. सोफा आला तेव्हा त्याच्यावर जे पारदर्शक कव्हर होतं ते आजही आहे. उन्हाळ्यात त्यावर बसलं की पाठ चिकटते, पण कव्हर काढायचा विषय कुणी काढत नाही. सासूबाईंचं तर आयुष्यच तसं गेलं. दुसऱ्याच्या रानात खुरपून त्यांनी संसार उभा केला आणि जे काही चांगलं हाती लागलं ते लोखंडी कपाटात गेलं. किल्ली कंबरेला. मी या सगळ्याला इतकी वर्षं हसत आले. माझ्या लेकीचा कान त्या कपाटात जाऊन बसला, तेव्हा माझं हसणं थांबलं.

मी एसटीत कंडक्टर आहे. नांदेडहून लोहा, अहमदपूर करत लातूर आणि परत. आवाज हे माझं भांडवल. भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटवर झोपेचं सोंग घेतलेल्या माणसाला पुढून तिकीट विचारायचं, तर घशात दम लागतो. डेपोत माझी टिंगल होते, की ही बाई बोलली की ड्रायव्हरला आरशात बघायची गरज पडत नाही. अशा बाईच्या पोटी बहिरी लेक आली, आणि ते कळायला मला वर्ष गेलं.

सगळे म्हणायचे, लई शहाणी पोर आहे, कशाला दचकत नाही. कुकर शिट्ट्या मारतोय, शेजारी बोअर मारून राहिलेत, ही आपली झोपलेली. मलाही कौतुक वाटायचं. एका संध्याकाळी ड्युटीवरून आले आणि दारातूनच तिला हाक मारली, गाडीत मारते तशी. गल्लीतलं कुत्रं उठून उभं राहिलं. ती माझ्याकडे पाठ करून डब्यांची झाकणं मांडत बसली होती, ती तशीच मांडत राहिली. मी आणखी एकदा हाक मारली. मग मी तिथंच उंबऱ्यावर बसले.

घरातले म्हणाले, तिचा बापही उशिरा बोलला होता. नणंद म्हणाली, वाचा फुटेल, घाई कशाला. आमच्या घरात देव-देव नाही. आजेसासऱ्यांच्या पिढीनं धर्म बदलला तेव्हा घरातले देवांचे टाक गोदावरीत सोडले. नवस, अंगारे, भगत, सगळं त्याच पाण्यात गेलं. पण 'बघू, थांबू' नावाचा एक देव मागं राहिला होता, आणि त्याची पूजा अख्खं घर करत होतं. मी म्हटलं, मी थांबणार नाही. नांदेडला तिला झोपेचं औषध पाजून, कपाळाला तारा लावून तपासणी झाली. दोन्ही कान गेलेले, जन्मापासूनच. साधं मशीन लावून बघितलं, उपयोग झाला नाही. तिथूनच आम्हाला लातूरला पाठवलं.

लातूरच्या डॉक्टरांनी कागदावर गोगलगायीचा शंख काढला. म्हणाले, आत कानात असा शंख असतो, आवाजाचं काम तिथं चालतं. हिच्या शंखातल्या पेशी काम करत नाहीत, पण पुढची नस चांगली आहे. कानामागं छोटा छेद घेऊन शंखात केसासारखी मऊ तार सरकवायची, कातडीखाली एक चपटं यंत्र ठेवायचं, आणि बाहेर कानावर दुसरं यंत्र. बाहेरचं यंत्र ऐकतं, लोहचुंबकाच्या जोरावर डोक्याला चिकटलेल्या चकतीतून आत पाठवतं, आतलं यंत्र थेट नसेला सांगतं. मी कंडक्टरीतल्या सवयीनं शंभर प्रश्न विचारले. त्यांनी सगळ्यांची उत्तरं दिली. पूर्वी छेद मोठा लागायचा, आता छोटा पुरतो. पूर्वी तार ताठ असायची, आता इतकी नाजूक असते की कानात शिल्लक असेल ते ऐकणंही बऱ्याचदा वाचवता येतं. ऑपरेशन चालू असतानाच नस उत्तर देते का ते तपासून बघतात. पूर्वी पुढं कधी एमआरआय काढायची वेळ आली तर आतलं चुंबक काढावं लागायचं, आता नव्या यंत्रांत बहुतेक वेळा ते आतल्या आत फिरून जागा धरतं. बाहेरच्या यंत्राची जुळवणी आता घरबसल्या इंटरनेटवरूनही होते.

मग त्यांनी पेन खाली ठेवलं आणि म्हणाले, "ताई, ऑपरेशन आमचं. ऐकायला शिकवणं तुमच्या घराचं. मेंदू ऐकायला शिकतो ती हीच वर्षं. ती निघून गेली तर आवाज येईल, पण शब्द लागणं फार अवघड. जागी असेल तेवढा वेळ यंत्र डोक्यावर हवं आणि आजूबाजूला बोलणं हवं." हे वाक्य मी पाठ केलं. घरी येऊन सगळ्यांना म्हणूनही दाखवलं.

नणंद धर्माबादला दिलेली. ती फोनवर ओरडली, "वहिनी, पोरीच्या डोक्यात वायर घालून राहिलात का? पोरीची जात हाय ती!" मी म्हटलं, पोरीची जात आहे म्हणूनच घालतेय, तिला उद्या लोकांची असली बोलणी ऐकून उत्तर द्यावं लागेल. तिनं फोन ठेवला. सरकारी योजनेत ऑपरेशन बसलं. त्या दिवशी सासूबाई थिएटरबाहेर डोळे मिटून बुद्धवंदना पुटपुटत बसल्या होत्या आणि मी उभी होते, कारण बसले असते तर रडले असते. दुपारच्या आत लेक बाहेर आली, डोक्याला पांढरी पट्टी, चेहरा सुजलेला.

जखम भरल्यावर यंत्र सुरू करायचा दिवस आला. मोबाइलवर असले व्हिडिओ सगळ्यांनी बघितलेले. यंत्र लागतं, बाळ हसतं, आई रडते, मागं गाणं वाजतं. आमच्याकडं यंत्र लागलं तशी लेकीनं किंकाळी फोडली, चकती ओढून काढली आणि लांब फेकली. नणंद व्हिडिओ कॉलवर होती. म्हणाली, "रडून राहिली की ही. बिघडलं का काय?" कान जुळवणाऱ्या, बोलायला शिकवणाऱ्या तिथल्या मॅडम मात्र खूश. म्हणाल्या, रडली म्हणजे ऐकलं. आयुष्यात पहिल्यांदा गोंगाट ऐकलाय, रडेल नाही तर काय करेल? मला त्या बाई तिथंच आवडल्या.

त्यानंतर मी लेकीला कधी लपवली नाही. तिचे केस मी उंच बांधते, दोन शेंड्या, म्हणजे यंत्र नीट बसतं आणि नीट दिसतं. रंग निवडायचा होता तेव्हा मॅडमनी केसांसारखा काळा दाखवला. मी लाल घेतला. सुट्टीच्या दिवशी तिला घेऊन गाडीत बसले की कुणीतरी विचारतंच, पोरीच्या डोक्याला काय चिकटवलंय, ब्लूटूथ हाय का? मी अख्ख्या गाडीला ऐकू जाईल अशा आवाजात सांगते, कान आहे, जरा वर बसवलाय. लोक हसतात, मग नीट विचारतात. मीही नीट सांगते, कारण त्या गाडीत एखादी आई अशी असतेच, जी नंतर खाली उतरल्यावर हळूच मागून येते.

पण महिने गेले आणि लेक बोलेना. 'आ' आणि 'बा' यापुढं गाडी जाईना. घरातलं पुटपुटणं परत सुरू झालं, एवढं करून काय मिळवलं म्हणून. मॅडम म्हणायच्या, वेळ लागतो, पण हिला जरा जास्तच लागतोय. मला रात्र-रात्र वाटायचं की ती वर्षं माझ्या हातातून निसटून चालली आहेत. मी घरी असेन तेवढा वेळ तिच्याशी बोलायचे. भाजी, भांडी, पाऊस, पाल, जे दिसेल त्यावर.

मग एक दिवस गाडी लोह्याच्या स्टँडवर उभी असताना माझ्या तिकिटाच्या मशीननं लाल दिवा दाखवला. ते सकाळी पूर्ण भरून घेतलेलं असतं आणि दिवसभर तिकिटं फाडली की संध्याकाळी मान टाकतं. मी त्या लाल दिव्याकडं बघत राहिले. लेकीच्या यंत्राची बॅटरी मी रोज रात्री काढून चार्जिंगला लावायचे आणि ती जवळपास भरलेलीच असायची. मॅडमनी सांगितलं होतं की दिवसभर वापरली तर संध्याकाळपर्यंत संपायला येते, आणि डोक्यावरून काढलं की हे मॉडेल थोड्या वेळानं आपोआप बंद होतं. मी मनात म्हणत आले होते, चांगल्या कंपनीचा माल आहे. माझ्यासारखी बाई, जी तिकीट न काढलेला माणूस वासावरून ओळखते, ती स्वतःच्या घरात फुकट प्रवास चालू देत होती.

दुसऱ्या दिवशी माझी साप्ताहिक सुट्टी होती. घरात कुणाला सांगितलं नाही. खाकी घातली, बॅग खांद्याला लावली, लेकीच्या डोक्यावर यंत्र लावलं आणि निघाले. कोपऱ्यावरच्या हॉटेलात बसून चहा प्यायले. मग परत आले.

अंगणात सासूबाई ज्वारी निवडत बसल्या होत्या. लेक मातीत खेळत होती. डोकं मोकळं. दोघींच्या मध्ये इतकी शांतता होती की सुपातले दाणे ऐकू येत होते, म्हणजे मला ऐकू येत होते.

"आत्याबाई, किल्ली द्या."

"तू ड्युटीवर गेली न्हवती का?"

"किल्ली द्या."

कपाट उघडलं. यंत्र रुमालात गुंडाळून लग्नातल्या शालूशेजारी ठेवलं होतं, आणि वायरच्या टोकाची चकती चुंबकामुळं लोखंडी दाराला आतून चिकटून बसली होती. माझ्या लेकीच्या डोक्याला चिकटायची ती कपाटाला चिकटली होती. माझं डोकंच फिरलं.

"किती दिवस चालू हाय हे?"

"ओरडू नको. जपून ठेवलं की, रानात न्हाई टाकलं," सासूबाई म्हणाल्या. "लेकरू दिवसभर मातीत लोळतंय. पडलं, फुटलं, तर कुठून आणायचं? तू यायच्या टायमाला घालते मी. लातूरला जाताना घालतेच की."

"ते लातूरला न्यायला न्हाई! ऐकायला हाय!"

"आन् इथं कोण बोलून राहिलंय, ऐकायला? मी एकटी म्हातारी. तिला काय सांगू, ज्वारीत खडे लई हायेत म्हणून?"

"हाव! तेच सांगा!"

आदल्या रात्री उशीर झाल्यानं डेपोत जमा करायचं राहिलेलं तिकिटाचं मशीन मी बॅगेतून काढलं आणि त्यांच्या सुपात ठेवलं. म्हटलं, हेही किमती आहे. मोडेल म्हणून मी डेपोत ठेवून गाडीवर गेले तर चालेल का? त्या म्हणाल्या, तुझी नोकरी हाय. मी म्हटलं, हिचीही आहे, उठल्यापासून झोपेपर्यंत, आणि तुम्ही हिची रोज बिनपगारी रजा टाकून राहिल्यात. मी लेकीला उचललं, यंत्र लावलं आणि किल्ली माझ्या खाकी खिशात घातली.

संध्याकाळी घरात हलकल्लोळ. नवरा मोटर रिवाइंडिंगच्या दुकानातून आला आणि म्हणाला, आईची किल्ली आहे ती. मी म्हटलं, लेकीचा कान आहे तो. तो दोघींच्या मध्ये उभा राहून जेवला. बॅटरी त्यानंतर रोज संपू लागली, म्हणजे यंत्र डोक्यावर होतं. पण सासूबाईंनी बोलणंच टाकलं, माझ्याशी आणि घराशीही. डोक्यावर यंत्र असून घरात शब्द नसेल तर त्या यंत्रानं काय ऐकावं? मी चिडले होते आणि घाबरलेही होते. माफी मागायची नाही, एवढं मात्र मी ठरवलं होतं.

त्याच आठवड्यात यंत्राची जुळवणी होती. या वेळी मॅडमनी लातूरला बोलावलं नाही, मोबाइलवरून करू म्हणाल्या. त्या तिकडं स्क्रीनवर, आम्ही इकडं कव्हरवाल्या सोफ्यावर. त्या म्हणाल्या, "आजी, तुम्ही घ्या हिला मांडीवर." मला वाटलं, उठून जातील. पण समोर डॉक्टरीणबाई म्हटल्यावर त्या बसल्या. मांडणी साधी होती. आजीच्या हातात चिंचोके, समोर वाटी. मॅडम तिकडून बारीक आवाज पाठवणार, आणि लेकीला ऐकू आला की तिनं चिंचोका वाटीत टाकायचा.

खोली चिडीचूप. मला काही ऐकू आलं नाही, सासूबाईंना काही ऐकू आलं नाही. लेकीनं मान वर केली आणि चिंचोका टाकला. परत शांतता. परत चिंचोका. सासूबाईंनी तिच्या तोंडाकडं वाकून बघितलं, मग मोबाइलकडं, मग पंख्याकडं.

"कुठं वाजलं? मला तर काहीच ऐकू आलं न्हाई."

"ते फक्त तिलाच येतं, आजी," मॅडम म्हणाल्या. "सरळ तिच्या नसेत. तुमच्यापेक्षा बारीक ऐकून राहिली बघा."

लेक चिंचोके टाकत राहिली. सासूबाईंचा हात तिच्या पाठीवर होता, तो हळूहळू थांबला. "म्हणजे मी काढून ठेवायची तवा..." पुढचं वाक्य त्यांनी पूर्ण केलं नाही, आणि मीही करायला लावलं नाही. कॉल संपल्यावर मी किल्ली त्यांच्यासमोर ठेवली. त्यांनी ती उचलून कंबरेला लावली आणि स्वयंपाकाला गेल्या. बदललं काय, ते मला कळलं नाही. मी सकाळी निघायचे, त्या गप्प. संध्याकाळी यायचे, त्या गप्प. मधल्या वेळात माझ्या घरात काय चालतं, हे लातूरच्या रस्त्यावरून कसं कळणार?

उन्हाळ्यात नणंदेच्या थोरल्या मुलीचं लग्न निघालं, धर्माबादला. आधीच नणंदेचा फोन. "वहिनी, त्या दिवसापुरतं पोरीच्या डोक्याचं काढून ठेवा. धाकटीचं बघून राहिलोत आम्ही. पाहुणे म्हणतील, घराण्यातच बहिरेपण हाय." मी म्हटलं, मग घराण्यात काय आहे ते दिसू दे त्यांना. ती म्हणाली, तुम्हाला माझ्या पोरींचं काहीच वाटत न्हाई. ते मला लागलं. वाटतं, फार वाटतं. पण एका पोरीचं लग्न जमावं म्हणून दुसरीनं दिवसभर बहिरं व्हावं, हा हिशेब मला मान्य नव्हता.

वाटेतली उमरी ओलांडेपर्यंत गाडीत मी लेकीच्या शेंड्या परत घट्ट बांधल्या. मंगल कार्यालयात पांढऱ्या साड्यांची गर्दी, पलीकडच्या पाहुण्यांचं तेलुगू-मराठी मिसळलेलं बोलणं, दारात बँड. मी मोबाइलवरून यंत्र गर्दीच्या सेटिंगवर टाकलं. वंदना सुरू झाली आणि सगळा मांडव एका सुरात म्हणू लागला, तशी लेक माझ्या हाताला धरून ओठ हलवायला लागली. आवाज फुटत नव्हता. नवऱ्या मुलाकडच्या बायका वळून-वळून तिचा लाल कान बघत होत्या. मी त्यांच्याकडं बघून मान हलवली, काय विचारायचं ते विचारा अशी. कुणी विचारलं नाही.

विधी झाला आणि नणंद आली. एका हातात मोगऱ्याचा गजरा, दुसऱ्या हातात जरीची ओढणी. तोंडावर हसू, डोळ्यांत विनवणी. "ये गं बाई, तुला नटवते," म्हणत ती लेकीसमोर वाकली, शेंडी सोडली आणि ओढणी डोक्यावरून घेता-घेता चकतीला हात घातला. मी पुढं झाले. त्याच्या आत लेकीनं तो हात दोन्ही हातांनी ढकलला.

"सलक तिकडं!"

'र' आला नव्हता. बाकी सगळं आलं होतं. शब्द, चीड, आणि 'तिकडं'वरचा तो लांबलचक हेल. आजूबाजूच्या बायका थांबल्या. नणंदेचा हात हवेत राहिला.

लेकीचं आयुष्यातलं ते पहिलं वाक्य होतं, आणि ते मॅडमनी शिकवलं नव्हतं. मॅडम 'पाणी दे', 'बाळ झोपलं' असलं शिकवतात. माझंही नव्हतं. मी दिवसभर लोकांना पुढं सरकवते, पण ते अहो-जाहो घालून. हा हेल घरात एकाच माणसाचा आहे. शेळी सुपात तोंड घालायला आली की सासूबाई तिला असंच हाकलतात.

मी वळून बघितलं. सासूबाई मागच्या रांगेत खुर्चीवर बसल्या होत्या. पदर तोंडाला लावलेला, डोळे भरलेले, आणि तरी भांडायच्या तयारीत.

"माझ्याकडं काय बघून राहिलीस?" त्या म्हणाल्या. "तू जातीस गाडी घेऊन. दिवसभर तिच्याशी बोलून-बोलून घसा बसलाय माझा."